कांद्याचे बी घरच्या परसात

चाकण परिसरातील शेतकऱ्यास कांद्याची ओळख करून देण्याचे कारण नाही. तथापि फुललेला कांदा मात्र क्वचितच दृष्टीस पडतो, कारण फुलण्यापूर्वीच तो काढला जातो. कांदा हे द्विवर्षायू पीक आहे. पहिल्या हंगामात गड्डा पोसतो. तोच गड्डा पुन्हा लावला असता थंडीमुळे त्यास दांडा येतो व माघ-फाल्गुनात पांढरे गोंडे फुलतात. परसातील एक गुंठा जागेत असे बी तयार करता येते.

डेंगळ्यांचे बी नको : काही कांदे गड्डा पोसण्याआधीच शेतात डेंगळे काढतात. त्यांचे बी आयते मिळते म्हणून ठेवू नये. हा दोष पुढील पिकात उतरतो. बियाण्यातील दोष पीक वाढीस लागल्यावरच दिसतो. तोवर खर्च झालेला असतो व हंगामही हातचा गेलेला असतो.

गड्ड्यांची निवड : एकाच जातीचे, चाळीत चांगले टिकलेले, एकसारख्या रंगाचे, बारीक मानेचे व ६० ते ८० ग्रॅम वजनाचे गड्डे घ्यावेत. लावतेवेळी वरचा एक-तृतीयांश भाग कापून पाहावा. एका डोळ्याचे गड्डे ठेवून जोडकांदे वगळावेत. एन-२-४-१ किंवा राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची भीमा किरण या रब्बीच्या जाती आहेत.

लागवड : निचऱ्याच्या जमिनीत, नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, ६० × ३० सेंटिमीटर अंतरावर गड्डे लावावेत. गुंठ्यास सुमारे ५६० गड्डे, म्हणजे अदमासे ४० किलो कांदा लागतो.

विलगीकरण : कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो व स्त्रीकेसर मागाहून पक्व होतो. म्हणून परागीभवन मधमाश्यांवर अवलंबून असते. जवळपास दुसऱ्या जातीचे गोंडे असल्यास मधमाश्या त्यांचेही पराग आणतात व बी भेसळीचे होते. प्रमाणित बियाण्यासाठी ५०० मीटर अंतर राखावे लागते. चारी दिशांना ५०० मीटर म्हणजे सुमारे ७८ हेक्टरांचे क्षेत्र होय. कारखाने व वसाहती यांमुळे येथील जमिनीचे तुकडे झाले असून एवढे अंतर एकट्याच्या हाती नाही. यास्तव शेजाऱ्यांनी मिळून एकच जात बियाण्यासाठी लावावी. ज्या बाजूस कारखान्याचे आवार वा पडीक जमीन असेल, तेथे अंतर राखणे सोपे जाते. गोंडे फुलले असता कीटकनाशक फवारू नये.

काढणी : गोंड्यातील काही बोंडे उकलून काळे बी दिसू लागताच तो गोंडा कापावा. सर्व गोंडे एकदम पिकत नाहीत. तीन-चार वेळा काढणी करावी. बी नीट वाळवून हवाबंद डब्यात ठेवावे व त्याच वर्षी पेरावे. साध्या साठवणीत वर्षभरात त्याची उगवणशक्ती बरीच घटते.

ग्रामस्तरावरील कार्यकर्त्यांनी ऑक्टोबरमध्येच शिवारातील शेतकऱ्यांना एकत्र बसवून जात ठरवून घ्यावी. गड्डे जमिनीत गेल्यावर केलेली चर्चा निरुपयोगी ठरते.