फितींचे कोठार

नाणी, शिल्पे किंवा तलवारी जपण्यापेक्षा चित्रपटाची जुनी फीत जपणे अवघड. चोराला अडवायला कुलूप पुरते. फितीचा घात तिच्याच रसायनाने होतो. मूकपटांच्या काळी सर्रास वापरली जाणारी फीत नायट्रोसेल्युलोजची, म्हणजे स्फोटक गनकॉटनच्या जातकुळीतली असे. तिच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने एकदा पेटली की ती पाण्याखालीही जळत राहते. पेटली नाही तरी आतून कुजते: आधी चित्र फिकट होते, मग वेटोळी एकमेकांना चिकटतात आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते.

कोल्हापुरात शिवाजी पेठेलगत खरी कॉर्नरला कॅमेरा स्तंभ आहे. तो बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचे स्मारक. देशी कॅमेरा बनवण्याची खटपट बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव यांनी मिळून सुरू केली. १९१६ मध्ये आनंदराव गेले आणि बाबूरावांनी ती तडीस नेली. १९२० मध्ये ‘सैरंध्री’ पडद्यावर आला, १९२५ मध्ये ‘सावकारी पाश’. दोन्ही मूकपट आज नाहीत. ‘मुरलीवाला’ आणि ‘सती सावित्री’ यांचे तुकडे तेवढे राहिले. त्या काळी प्रिंट चिंध्या होईपर्यंत गावोगाव फिरे आणि खेळ संपले की फितीतल्या चांदीसाठी भंगारात जाई. आगीला सगळा दोष देणे सोयीचे आहे, पण खरे नाही.

याच कंपनीतून फुटलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ उभी केली. उपलब्ध मराठी बोलपटांतला सर्वांत जुना ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) इथलाच. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली. पुढे तिच्या स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट आली आणि १९६४ मध्ये पुण्यातच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी विखुरलेली रिळे हुडकून त्याचा संग्रह वाढवला. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ची उरलेली रिळेही त्यांनी मिळवली.

कोठाराचे काम फितीचे म्हातारपण लांबवण्याचे. संग्रहालयात कृष्णधवल फिती साधारण १० ते १२ अंश सेल्सिअसला, ५० टक्के आर्द्रतेत ठेवतात. रंगीत फितींना २ ते ४ अंश आणि २५ ते ३० टक्के आर्द्रता लागते, कारण रंग चांदीच्या चित्रापेक्षा लवकर उडतात. थंड कोठारातला डबा थेट बाहेर आणला तर फितीवर दव धरते, म्हणून तो टप्प्याटप्प्याने उबदार होऊ देतात. नायट्रेटची कोठी तर सर्वांपासून दूरच हवी. नंतर आलेली अॅसिटेट फीत भडकत नाही, पण कुजते तीही. डबा उघडताच व्हिनेगरचा आंबूस वास आला की समजावे, आणि ते रीळ तत्काळ वेगळे काढावे, कारण त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही लागते.

८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या, प्रभातच्या काळच्या कोठीला आग लागली आणि तिथला नायट्रेटचा साठा जळून गेला. यातल्या ज्या चित्रपटांची नक्कल आधीच सुरक्षित फितीवर उतरवली होती, ते चित्रपट म्हणून वाचले; मूळ प्रत मात्र गेली. नकलेत प्रत्येक पिढीला तपशील थोडा घटतो. म्हणूनच आता डिजिटल प्रती होत असल्या, तरी मूळ निगेटिव्ह टाकून देत नाहीत. उद्याचा स्कॅनर त्यातून आजच्यापेक्षा जास्त काढू शकतो.