गेम घडवताना (भाग ४) : आधी कुलूप, मग किल्ली

गेल्या आठवड्यात आपण ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’ संगणकावर बसवलं, एक खोली तयार केली आणि तिच्यात एक पात्र इकडून तिकडे चालवलं. आपण हलवलेलं पात्र चालू लागलं की हात शिवशिवतात. आणखी खोल्या काढाव्यात, गाव उभं करावं, गावाबाहेरचं जंगल रंगवावं असं वाटू लागतं. नवशिक्यांचे बहुतेक गेम इथेच रखडतात. दहा देखण्या खोल्या तयार होतात आणि त्यांत करण्यासारखं काहीच नसतं. म्हणून या आठवड्यात संगणक बंद ठेवा आणि कागद-पेन्सिल घेऊन बसा.

पॉइंट-अँड-क्लिक गेममध्ये बोटांच्या चपळाईला फारसं काम नसतं. खेळणारा पाहतो, विचार करतो आणि एखाद्या वस्तूवर क्लिक करतो. त्याला विचार करायला आपण काय देतो, यावर सगळं अवलंबून आहे. आणि ते देण्याचा क्रम कसा असावा, हे या कलेतल्या एका जाणत्या माणसाने फार लवकर ओळखलं होतं.

१९८४ साली आलेल्या सिएरा कंपनीच्या ‘किंग्ज क्वेस्ट’मध्ये चित्रातलं पात्र चालवता येई, पण त्याच्याकडून काही करून घ्यायचं तर इंग्रजीत हुकूम टाइप करावा लागे. वस्तू समोर दिसत असे, पण गेम तिला कोणत्या शब्दाने ओळखतो ते हुडकत बसायचं. १९८७ मध्ये लुकासफिल्म गेम्सच्या रॉन गिल्बर्ट आणि गॅरी विनिक यांनी ‘मॅनिॲक मॅन्शन’मधून हे टायपिंगच काढून टाकलं. उघड, उचल, ढकल, दे अशी क्रियापदं चित्राखाली लिहिलेली असत. त्यांतलं एक निवडायचं आणि चित्रातल्या वस्तूवर क्लिक करायचं. माउसवर चालणारे असे गेम त्याआधीही मॅकिंटॉशवर होते. १९८५ चा ‘देजा व्हू’ त्यांपैकी एक. पण पुढच्या दहा वर्षांत या प्रकाराला जे रूप आलं, ते बरंचसं ‘मॅनिॲक मॅन्शन’ने दिलेलं आहे. त्या गेमसाठी बांधलेली ‘स्कम’ ही यंत्रणा लुकासच्या मंडळींनी सुधारत सुधारत १९९७ पर्यंत वापरली.

‘मॅनिॲक मॅन्शन’मध्येही खेळणारा नकळत अशा जागी अडकू शकत असे, जिथून गेम पुरा करणं अशक्य. हा आणि असे इतर दोष समोर ठेवून गिल्बर्टने १९८९ मध्ये एक निबंध लिहिला. ॲडव्हेंचर गेम इतके वैताग का आणतात, हा त्याचा विषय. तीन दशकं उलटून गेली, तरी नवशिक्याला आजही आधी तोच वाचायला द्यावा. त्यातला एक मुद्दा मला सगळ्यांत मोलाचा वाटतो: खेळणाऱ्याला अडचण आधी दिसली पाहिजे, तिचं उत्तर नंतर सापडलं पाहिजे. दरी पाहण्याआधीच दोर खिशात आला असेल, तर दरीपाशी पोचल्यावर विचार करायला काही उरत नाही. दोर वापरला, पुढे गेलो. तेच दरी आधी दिसली आणि पलीकडे जायचं मनाने घेतलं, तर नंतर विहिरीवरचा दोर दिसताच डोक्यात काहीतरी लखकन चमकतं. हा प्रकार खेळणारे या एका क्षणासाठी खेळतात. तो क्षण त्यांच्याकडून हिरावून घेणं ही गेम लिहिणाऱ्याची सर्वांत मोठी चूक आहे, असं मी मानतो.

याचा सुंदर नमुना १९९० च्या ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’मध्ये आहे. हा गेम गिल्बर्टने टिम शेफर आणि डेव्ह ग्रॉसमन यांच्यासोबत लिहिला. गायब्रश थ्रीपवूड नावाच्या तरुणाला समुद्री चाचा व्हायचंय. त्यासाठी तीन परीक्षा द्यायच्या आहेत; त्यांतली एक म्हणजे गव्हर्नरच्या वाड्यातून एक मूर्ती चोरणं. वाड्यापाशी जावं तर दारात भयानक कुत्रे. हे झालं कुलूप. आता उलट जा. कुत्र्यांना झोपवायचं तर गुंगीचं मांस हवं. त्यासाठी दोन गोष्टी लागतात, मांस आणि गुंगी आणणारी पिवळी पाकळी. मांस गुत्त्याच्या स्वयंपाकघरात आहे, पण आचारी आत जाऊ देत नाही. तो बाहेर आला की पटकन आत शिरायचं. पाकळी जंगलात आहे. आता गुत्ता गेमच्या सुरुवातीलाच लागतो, त्यामुळे मांस आधीच हाती येऊ शकतं. तरी कोडं बिघडत नाही, कारण नुसत्या मांसाने भागत नाही. त्याची पाकळीशी सांगड घालावी, हे कुत्रे पाहिल्यावर सुचतं.

मी आत्ता ज्या क्रमाने सांगितलं, त्याच क्रमाने तुम्ही लिहायचं आहे: शेवटाकडून सुरुवातीकडे. कागदाच्या तळाशी एक चौकट काढा आणि तिच्यात गेमचा शेवट लिहा. मग विचारा, हे होण्यासाठी आधी काय व्हायला हवं? ते वरच्या चौकटीत लिहा आणि बाण जोडा. त्यासाठी आधी काय? आणखी वर जा. कुठे दोन गोष्टी लागत असतील, तिथे दोन फांद्या फुटतील. गिल्बर्ट आणि त्याचे सहकारी असेच तक्ते काढत. तक्ता नुसता एका सरळ रेषेत उतरत असेल तर धोका ओळखावा. खेळणारा एका कोड्यापाशी अडला की त्याच्याकडे दुसरं काहीच उरत नाही आणि तो गेम बंद करतो. ‘मंकी आयलंड’मधल्या तीन परीक्षा कुठल्याही क्रमाने देता येतात, त्यामुळे एकीने दमवलं तर दुसरीकडे वळता येतं. पहिल्यावहिल्या एका खोलीच्या गेमला मात्र चार-पाच चौकटींची सरळ रेषा पुरते. रस्ता तसाही दोन मिनिटांचा असतो.

तक्ता काढताना दोन दोषांकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. पहिला म्हणजे बंद गल्ली. १९९० च्या ‘किंग्ज क्वेस्ट ५’मध्ये गावातल्या बेकरीतून एक ‘पाय’ (pie, म्हणजे गोड सारण भरलेला पदार्थ) विकत घेता येतो. तो खाताही येतो. पुढे बर्फाळ डोंगरात यती आडवा येतो आणि त्याच्या तोंडावर तोच पाय फेकावा लागतो. आधी खाल्ला असेल तर तिथेच खेळ संपला, आणि आपण काय चुकलो हेही कळत नाही. एकदाच मिळणारी वस्तू वाया घालवता येत असेल, तर एक तर ती वाया जाऊ देऊ नका किंवा दुसरी मिळण्याची सोय करा. दुसरा दोष म्हणजे फक्त लेखकाच्या डोक्यात असलेलं तर्कशास्त्र. १९९९ च्या ‘गॅब्रिएल नाइट ३’मध्ये नायकाला मित्राच्या नावावर मोटरसायकल भाड्याने घ्यायची असते. त्यासाठी तो मांजराच्या केसांची खोटी मिशी लावतो. गंमत म्हणजे त्या मित्राला मिशीच नाही. पासपोर्टवरच्या त्याच्या फोटोलाही आधी मिशी काढावी लागते! हे कोडं ॲडव्हेंचर गेमच्या ऱ्हासाचं उदाहरण म्हणून गाजलं. अवघड कोडं वाईट नसतं. उत्तर कळल्यावर ‘हे मला सुचायला हवं होतं’ असं वाटलं तर ते चांगलं. ‘हे कुणाला सुचेल?’ असं वाटलं तर ते फाडून टाकावं.

आता आपली खोली घेऊ. तालुक्याच्या गावातलं एक वाचनालय आहे. सई तिथे आली आहे, कारण तिच्या आजीची कथा छापून आलेला जुना दिवाळी अंक काचेच्या कपाटात आहे. शेवटची चौकट : अंक सईच्या हातात. त्याआधी कपाटाची किल्ली हवी, ती ग्रंथपाल बाईंकडे आहे. बाई म्हणतात, “तुझ्या नावावर एक पुस्तक बाकी आहे. ते आधी जमा कर, मग कपाटाचं बघू.” सईने ते पुस्तक कधीच परत केलंय, नोंद न होताच ते फळीवर गेलं. म्हणजे त्याआधी ते पुस्तक हवं. ते सगळ्यांत वरच्या फळीवर दिसतं, हात पोचत नाही. त्याआधी स्टूल हवं. स्टुलावर एक आजोबा पेपर वाचत बसलेत. “आजोबा, जरा स्टूल देता का?” असं विचारलं तर ते म्हणतात, “अगं, या बल्बखाली बसलं तरच चार अक्षरं दिसतात. तीही धड नाहीत.” खिडकी बंद आहे. ती उघडली की उजेड येतो, आजोबा पेपर घेऊन खिडकीपाशी जातात, स्टूल मोकळं होतं.

बघा, कुणाला फसवावं लागलं नाही की काही चोरावं लागलं नाही. कोड्याचं उत्तर आजोबांच्या तक्रारीतच आहे, आणि खिडकी पहिल्यापासून समोर आहे. खेळणाऱ्याने सुरुवातीलाच खिडकीवर क्लिक केलं तर? मग दोर आधी आणि दरी नंतर, असं होईल. म्हणून आजोबांशी बोलणं होईपर्यंत सईला म्हणू द्या, “बाहेर धूळ फार उडतेय, कशाला उघडू?” इंजिनला यासाठी दोनच गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात: आजोबांशी बोलणं झालं का आणि खिडकी उघडली का. म्हणजे हो-नाहीचे दोन व्हेरिएबल. पुस्तक आणि किल्ली सईजवळ आहेत का, हे इन्व्हेंटरी, म्हणजे पात्राजवळच्या वस्तूंची यादीच सांगते. पार्श्वभूमीच्या चित्रावर खिडकी, फळी, कपाट यांचे हॉटस्पॉट (क्लिक करता येण्याजोग्या जागा) रंगवणं हे तासाभराचं काम आहे. ते चित्र तयार झाल्यावर करू.

खरा वेळ जातो तो चुकलेल्या क्लिकवर. खेळणारा बाईंना स्टूल द्यायला जाईल, पुस्तकाने काच फोडू पाहील, आजोबांच्या पेपरवर दहा वेळा क्लिक करील. प्रत्येक वेळी ‘हे जमणार नाही’ एवढंच उत्तर मिळालं, तर त्याला वाटेल की या खोलीत जिवंत असं कुणी नाही. काचेवर पुस्तक वापरलं की सई म्हणू शकते, “आजीची कथा काचांमधून वेचायची नाहीये मला.” पेपरवर क्लिक केलं की आजोबा म्हणतील, “शब्दकोडं माझं आहे हं, आधीच सांगतो.” यातून पात्रं उभी राहतात आणि त्याच ओळींत पुढचे दुवेही लपवता येतात. लुकासचे गेम आजही लोकांच्या ओठांवर आहेत ते बरंचसं या चुकल्या क्लिकच्या उत्तरांमुळे. दहा हॉटस्पॉट आणि चार वस्तू म्हणजे चाळीस उत्तरं. एका खोलीला हे झेपतं, दहा खोल्यांना झेपत नाही. लहान सुरुवात करा असं मी पुन्हा पुन्हा म्हणतो ते यासाठी. २००६ साली डेव्ह गिल्बर्टने (रॉनशी त्याचं नातं नाही) ‘द शिवा’ हा गेम याच ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’त एका मासिक स्पर्धेसाठी केला. न्यूयॉर्कमधल्या एका थकलेल्या रब्बीची ती छोटी गोष्ट. पुढे तीच त्याच्या वॅजेट आय कंपनीच्या पहिल्या गेमांपैकी एक ठरली.

संवाद मराठीत लिहिणार असाल, आणि तसे लिहावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे, तर एक गोष्ट आजच तपासा. ‘ॲडव्हेंचर गेम स्टुडिओ’च्या ३.६ आवृत्तीपासून युनिकोड मजकूर चालतो, पण मजकूर चालणं वेगळं आणि जोडाक्षरं नीट जुळणं वेगळं. ‘क्षितिज’, ‘विद्यार्थी’ आणि ‘शिक्का’ हे तीन शब्द पडद्यावर आणून पाहा. पाय मोडलेली अक्षरं दिसली किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, तर दोन मार्ग आहेत. संवाद थोडे असतील तर त्यांची चित्रं करून वापरा. नाहीतर गोडो इंजिनाची चौथी आवृत्ती घ्या. तिच्यात देवनागरीची जुळणी अंगभूत आहे, आणि पॉइंट-अँड-क्लिकसाठी ‘पोपोचिऊ’ हे मोफत जोडसाधनही मिळतं. चाळीस संवाद लिहून झाल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आठवड्याचा अभ्यास असा. वाचनालय वापरू नका, स्वतःची खोली निवडा : एक खोली, दोन पात्रं, चार ते पाच चौकटींचा तक्ता. तो झाला की घरातल्या कुणाला तरी समोर बसवा. खोलीत काय काय दिसतं ते सांगा आणि विचारा, “आता काय करशील?” ते जे सांगतील त्यावर काय घडतं, तेवढंच तुम्ही बोलायचं. सुचवायचं नाही, मदत करायची नाही. त्यांनी केलेला प्रत्येक चुकीचा प्रयत्न त्यांच्याच शब्दांत टिपून ठेवा. उत्तरं लिहायला लागणारी यादी तीच. तीन माणसं एकाच जागी अडली, तर तिथला दुवा एका वाक्याने वाढवा आणि चौथ्या माणसाला बसवा.

पुढच्या भागात पार्श्वभूमीचं चित्र : ३२० बाय २०० ठिपक्यांत खोली कशी बसवायची, आणि पात्र टेबलामागून जाताना टेबल त्याच्या पुढे कसं ठेवायचं.