काट्यातला कल

कोल्हापूरहून गारगोटीच्या रस्त्याला लागलं, की शहर कुठं संपलं हे कळायच्या आत कळंबा येतं. मध्यवर्ती कारागृहाची लांबलचक भिंत, संस्थानकाळापासून शहराला पाणी देणारा तलाव आणि या दोन खुणांभोवती वाढत गेलेल्या वसाहती. तरीही करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गावासारखी इथली पहाट म्हशीच्या धारेनं उजाडते. किटल्या घेऊन माणसं डेअरीच्या रांगेत उभी राहतात. या भागात दूध ‘विकत’ नाहीत, ‘डेअरीला घालतात’. घालून परतणाऱ्याला विचारायचा पहिला प्रश्नही ठरलेला असतो: ‘आज फॅट किती लागली?’

त्या एका प्रश्नात हिशेबशास्त्र, लेखापरीक्षण आणि संख्याशास्त्र असे तिन्ही विषय दडलेले आहेत. कॉलेजात ते वेगवेगळ्या पेपरांत शिकवले जातात. गोठ्यात आणि डेअरीत मात्र ते एकाच कागदावर येतात, आणि तो कागद म्हणजे दहा दिवसांचं दुधाचं बिल. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघानं, म्हणजे ‘गोकुळ’नं, दर दहा दिवसांनी बिल देण्याची शिस्त इथं रुजवली. उसाचा पैसा हंगामात येतो. किराणा, शाळेची फी, दवाखाना हे सगळं दुधाच्या बिलावर चालतं. म्हणून या कागदावरचा दशांश चिन्हापुढचा आकडासुद्धा घरात मोठ्यानं वाचला जातो.

बिलावर वीस नोंदी असतात. दहा सकाळच्या, दहा संध्याकाळच्या. प्रत्येकीत लिटर, फॅट, एसएनएफ, दर. भांडण बहुतेकदा फॅटवरून होतं. काल ७.४ लागली, आज ६.९ कशी? म्हैस तीच, वैरण तीच, पेंड तीच. मग डेअरीवाल्यानं मारली, असा निष्कर्ष चुलीपाशीच निघतो.

तो निष्कर्ष घाईचा आहे. सकाळ-संध्याकाळच्या धारांमधलं अंतर सारखं नसतं. अंतर जास्त असेल त्या वेळी दूध जास्त आणि फॅट कमी निघते. दूध थोडा वेळ स्थिर राहिलं की साय वर येऊ लागते, म्हणून नीट न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त आणि तळातून घेतला तर कमी दिसते. यंत्राची स्वतःचीही थोडी चूक असतेच. गर्बर पद्धतीत नळीवरची रेघ डोळ्यानं वाचावी लागते, मिल्कोटेस्टरमध्ये आकडा आपोआप उमटतो. दोन्हीकडे खरी किंमत आणि दिसलेली किंमत यांत अंतर राहतं.

पण हे अंतर कधी वर, कधी खाली जातं. एका मापनातली चूक साधारण ०.१ धरली आणि ती दर वेळी स्वतंत्र असली, तर वीस मापनांच्या सरासरीतली चूक वीसच्या वर्गमुळानं, म्हणजे सुमारे साडेचारानं भागली जाते. उरते ०.०२. म्हणजे एका दिवसाच्या फॅटवर भांडण्यात अर्थ नाही. दहा दिवसांची सरासरी मागच्या तीन बिलांच्या सरासरीशी ताडून बघण्यात आहे. थोड्या नमुन्यांवरून किती बोलावं आणि कुठं थांबावं, याचं गणित विल्यम गॉसेट या रसायनज्ञानं डब्लिनच्या गिनेस बिअर कारखान्यात नोकरी करताना सोडवलं. १९०८ साली ‘स्टुडंट’ या टोपणनावानं त्याचा निबंध छापून आला. प्रश्न कारखान्याचाच होता: मोजके नमुने, आणि त्यांवर घ्यायचे पैशाचे निर्णय.

इथवरचा सगळा हेलकावा झाला. खरी काळजी करायची ती कलाची. हेलकावा दोन्ही बाजूंना जातो आणि कालांतरानं स्वतःच विरतो. कल एकाच बाजूला असतो आणि बिलागणिक साठत जातो. धंद्यात माणसं हेलकाव्यावरून ओरडतात आणि कलाकडे त्यांचं लक्षच जात नाही, कारण तो लहान असतो आणि रोज सारखाच असतो.

उदाहरण वजनकाट्याचं घेऊ. काटा १०० मिलिलिटरच्या टप्प्यानं आकडा दाखवतो आणि वरचं दूध सोडून देतो, असं धरू. ४ लिटर ७० मिलिलिटर घातलं तर नोंद ४ लिटरचीच. कधी ९० मिलिलिटर जातात, कधी १०. सरासरी सुमारे ५० मिलिलिटर. दिवसाला दोन खेपा, म्हणजे दहा दिवसांत एक लिटर आणि वर्षात साडेछत्तीस लिटर. लिटरला ५५ रुपये धरले तर सभासदामागे वर्षाला दोन हजारांहून थोडे जास्त. डेअरी चालवणाऱ्या गावच्या दूध संस्थेचे ३०० सभासद असतील तर १०,९५० लिटर दूध, म्हणजे ६ लाख २ हजार २५० रुपये. यात कुणी खोटी नोंद केली नाही, कुणी खिशात काही घातलं नाही. काट्यावर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्काही असू शकतो. फक्त यंत्र प्रत्येक वेळी एकाच बाजूला झुकतं.

यावर संस्थेचं उत्तर तयार असतं: हे दूध ‘वाढीव’ म्हणून वहीत जमा होतं, त्याचा नफा होतो आणि तो सभासदांनाच दिवाळीला फरकातून परत जातो. उत्तर खरं आहे, पण अपुरं. दोन सभासद घ्या. एक खेपेला दोन लिटर घालतो, दुसरा वीस लिटर. काटा दोघांचेही सरासरी ५० मिलिलिटर सोडतो. पहिल्याच्या दुधात हा अडीच टक्के भाग, दुसऱ्याच्या दुधात पाव टक्का. आता हे १०० मिलिलिटर परत वाटायचे, आणि वाटप घातलेल्या लिटरच्या प्रमाणात. पहिल्याला मिळतात ९, दुसऱ्याला ९१. पहिल्यानं ५० घालवले आणि ९ मिळवले. दुसऱ्यानं ५० घालवले आणि ९१ मिळवले. ताळेबंद जुळतो, नफा-तोटा पत्रक जुळतं, आणि तरीही एका म्हशीच्या गोठ्यातून मोठ्या गोठ्याकडे वर्षभर दूध वाहत राहतं. सहकारावर प्रेम असणाऱ्या कुणालाही हे आकडे अस्वस्थ करायला हवेत.

असा कल शोधायचा कुणी? महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० मधल्या कलम ८१ प्रमाणे प्रत्येक संस्थेचं लेखापरीक्षण होतं. अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि सापडलेल्या दोषांचा दुरुस्ती अहवाल संस्थेला द्यावा लागतो. हिशेब ठेवणारा एक आणि तपासणारा दुसरा, ही व्यवस्था या मातीला नवी नाही. शिवकालीन अष्टप्रधानांतला अमात्य, म्हणजे मुजुमदार, राज्याचा जमाखर्च तपासत असे, आणि त्या पदावरच्या रामचंद्रपंतांच्या घराण्याची जहागीर याच जिल्ह्यात गगनबावड्याला होती. किर्द, तेरीज, ताळेबंद हे शब्द संगणकाच्या पडद्यावरही अजून टिकून आहेत.

पण वहीवरची बेरीज बरोबर येणं ही तपासणीची सुरुवात असते. गोळा केलेलं दूध एका बाजूला. स्थानिक विक्री, संघाला पाठवलेलं दूध आणि नासलेलं दूध दुसऱ्या बाजूला. यांतला फरक रोज किती आणि कुठल्या बाजूला, हे बघावं लागतं. त्यातही लिटर आणि किलोचा घोळ मिसळला की चित्र बिघडतं. दुधाची घनता साधारण १.०३, म्हणून ५०० लिटर दुधाचं वजन ५१५ किलो भरतं. एका नोंदवहीत लिटर आणि दुसरीत किलो असेल तर कागदावर १५ चं ‘दूध’ जन्माला येतं, आणि त्याच्या आड खरी घट सहज लपते.

सरासरीचा घोळही नेहमीचा. १० लिटर दूध ६.० फॅटचं आणि २ लिटर ९.० फॅटचं. सहा आणि नऊची सरासरी साडेसात, असं कुणी वहीत मांडलं आणि टँकरच्या नमुन्यात ६.५ लागली, तर संघावर संशय घेतला जातो. खरा आकडा ६.५ च आहे. १० ला ६ नं आणि २ ला ९ नं गुणून १२ नं भागलं की तो मिळतो.

मग सभासदांच्या पुस्तकांची पडताळणी. तीनशे पुस्तकं एकेक करून जुळवायला वेळ नसतो, म्हणून तीसच बघितली जातात. ती तीस कोणती, यावर सगळं अवलंबून. सचिवांनी काढून दिलेली तीस पुस्तकं तपासणं म्हणजे गवळ्यानंच पुढं केलेला पेला चाखणं. चिठ्ठ्या टाकून काढली तर गणित बाजूला उभं राहतं: तीनशेपैकी तीस पुस्तकांत गडबड असेल, तर यदृच्छेनं निवडलेल्या तिसांत त्यातलं एकही न सापडण्याची शक्यता शंभरात चारपेक्षा कमी. मात्र गडबड फक्त तीन पुस्तकांत असेल, तर ती निसटण्याची शक्यता शंभरात ७३. मोठ्या रकमेची पुस्तकं म्हणूनच चिठ्ठीवर न सोडता सगळी बघावी लागतात. नमुना मर्जीनं निवडायचा नाही, या तत्त्वावर पिकांच्या उत्पादनाचे अंदाज उभे करणारे पांडुरंग सुखात्मे सातारा जिल्ह्यातले. पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभारणारे, १९७४ साली पद्मभूषण मिळालेले वसंत शंकर हुजूरबाजार यांचा जन्म तर कोल्हापूरचाच.

आकड्यांना बोलतं करण्याची आणखी एक साधी युक्ती आहे. फॅटच्या नोंदींतला दशांशानंतरचा आकडा बघायचा. शेकडो खऱ्या नोंदींत ० ते ९ हे आकडे जवळपास सारखे, प्रत्येकी दहा टक्क्यांच्या आसपास यायला हवेत. माणूस अंदाजानं वाचू लागला की ० आणि ५ ची गर्दी होते. जनगणनेत वय विचारल्यावर तीस, पस्तीस, चाळीस अशी उत्तरं गोळा होतात, तसंच. या गर्दीवरून कुणाला चोर ठरवता येत नाही. नळी न वाचता आकडा लिहिला जातोय का, हे विचारायला मात्र ती पुरेशी आहे.

कोल्हापूरच्या फाउंड्र्यांना हेलकावा आणि कल यांतला भेद नवा नाही. उद्यमनगर आणि शिरोलीत कास्टिंगचं रिजेक्शन रोज मोजलं जातं, आणि रोजचा चढउतार कुठवर नेहमीचा मानायचा हे ठरवणारा नियंत्रण-आलेख वॉल्टर शूहार्ट यानं १९२४ सालीच अमेरिकेत मांडला होता. डेअरीतल्या रोजच्या घटीवर तोच आलेख एका कागदावर, पट्टी-पेन्सिलीनं काढता येतो.

आता गोठ्याकडे. इथला कल काट्यापेक्षाही मोठा आहे, आणि तो घरच्याच हिशेबात असतो. आठ लिटर देणाऱ्या म्हशीला दिवसाला २५० रुपयांची वैरण-पेंड लागते असं धरलं, तर लिटरला सव्वाएकतीस रुपये खर्च आणि ५५ चा दर, म्हणजे पावणेचोवीस रुपये सुटले, असं घरात बोललं जातं. पण म्हैस भाकडही असते. दोन वितांत पंधरा महिन्यांचं अंतर धरू: ३०० दिवस दूध, १५० दिवस भाकड. दुधाच्या दिवसांचा चारा ७५,००० रुपये. भाकड दिवसांचा, रोज ११० प्रमाणे, १६,५००. सव्वा लाखाच्या आत-बाहेर आणलेली म्हैस काही वर्षांनी कमी दरात जाते. त्याचा घसारा महिन्याला हजार, म्हणजे १५,०००. डॉक्टर, विमा, रेतन ६,०००. एकूण १,१२,५००. दूध २,४०० लिटर. लिटरचा खर्च ४६ रुपये ८८ पैसे, आणि उरतात आठ रुपये बारा पैसे.

आठ रुपये बारा पैसे गुणिले चोवीसशे, म्हणजे पंधरा महिन्यांत साधारण साडेएकोणीस हजार. शेणखत आणि रेडकू वेगळं. यात एक रक्कम अजून धरलेली नाही: धार, शेणघाण, वैरण आणणं, पाणी पाजणं. रोजचे तीन तास धरले तर पंधरा महिन्यांत साडेतेराशे तास, तासाला साडेचौदा रुपये. हे तास बहुतेक घरांत बाईचे असतात आणि कुठल्याच किर्दीत लिहिले जात नाहीत. दुधाचा दर ठरवताना चाऱ्याचा भाव, डिझेलचा भाव यांवर बोलणं होतं. या तासांवरही व्हायला हवं, आणि त्यासाठी ते आधी कुठंतरी मांडलेले असायला हवेत.

गंगावेशीतल्या कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर पिळतात आणि धारोष्ण दुधाचा पेला हातात देतात. तिथं वही लागत नाही, गिऱ्हाईक स्वतःच तपासनीस असतो. डेअरीला दूध घालणाऱ्याला ती सोय नाही. त्याची संधी वर्षातून एकदा येते, ३० सप्टेंबरच्या आत होणाऱ्या वार्षिक सभेत, हातात पडलेल्या अहवालाच्या पुस्तिकेतून. त्यात ‘सॅम्पल दूध विक्री’ आणि ‘वाढीव दूध’ अशा ओळी शोधायच्या. वाढीव दुधाचे लिटर घ्यायचे आणि वर्षभरातल्या एकूण खेपांनी भागायचे. तीनशे सभासदांसाठी त्या २ लाख १९ हजार भरतात. उत्तर खेपेमागे ५० मिलिलिटरच्या आसपास आलं, तर काट्याचा टप्पा विचारायचा. दहा मिलिलिटरपर्यंत दाखवणारा काटा बसवला की खेपेमागची सरासरी घट पाचवर येते, आणि दोन लिटर घालणाऱ्या सभासदाचं वर्षाचं साडेछत्तीस लिटरचं नुकसान साडेतीन-पावणेचार लिटरवर.