पुन्हा ऐकायला शिकणे : श्रवणयंत्र आणि कॉक्लिअर इम्प्लांट

विद्वानाला ‘बहुश्रुत’ म्हणणाऱ्या आपल्या परंपरेत ऐकणे ही ज्ञानाची पहिली पायरी मानली गेली आणि वाचणे तिच्या मागाहून आले. भाषा आधी कानाने आत्मसात करायची आणि मग डोळ्यांनी वाचायची, हा क्रम आपण इतका गृहीत धरतो की तो उलटू शकेल असे सहसा मनात येत नाही. प्रौढ वयात श्रवणशक्ती गमावून कॉक्लिअर इम्प्लांट बसवून घेणाऱ्या माणसाच्या बाबतीत मात्र तो पुष्कळदा उलटतो. वाचलेल्या मजकुराचा आधार घेत तो ऐकू लागतो. श्रवणयंत्र लावणाऱ्यावर ही पाळी क्वचितच येते. ही दोन साधने एकाच साधनाच्या लहानमोठ्या आवृत्त्या आहेत, असा समज सुशिक्षितांतही आढळतो. म्हणून त्यांतील भेद थोडा विस्ताराने पाहिला पाहिजे. (कॉक्लिअर इम्प्लांटला मराठीत सर्वमान्य पर्याय रुळलेला नसल्याने रूढ नावच येथे ठेवले आहे.)

श्रवणयंत्राचे कार्य समजायला सोपे आहे. मायक्रोफोन ध्वनी टिपतो, प्रवर्धक तो वाढवतो आणि वाढलेला ध्वनी कानाच्या नैसर्गिक वाटेनेच आत जातो : पडदा, मध्यकर्णातील तीन अस्थी आणि शेवटी अंतर्कर्णातील शंखाकृती नलिका. सुमारे अडीच वेढ्यांच्या या नलिकेतील केशपेशी कंपनांचे विद्युत्-संकेतांत रूपांतर करून ते श्रवणतंत्रिकेच्या स्वाधीन करतात. त्यांच्या आतल्या रांगेत एका कानात अवघ्या साडेतीन हजारांच्या आसपास पेशी असतात, आणि माणसाच्या कानात त्या एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. श्रवणयंत्राची सारी भिस्त उरलेल्या पेशींवर असते. बहुधा उच्च कंप्रतेच्या पेशी आधी जातात. त्यामुळे स्वर कानी पडतात, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ निसटतात. ‘ऐकू येते, पण कळत नाही’ ही तक्रार येथूनच उद्भवते. आवाज नुसता वाढवून भागत नाही, कारण ऐकू येण्याची किमान पातळी वर सरकली तरी असह्य वाटण्याची पातळी तिच्याबरोबर वर जात नाही. मधली जागा आक्रसते. श्रवणयंत्राशी जुळवून घेणे म्हणजे या आक्रसलेल्या जागेत वावरायला शिकणे. भांड्यांचा खणखणाट, पंख्याची घरघर, स्वतःचाच घुमणारा आवाज यांना मागे सारण्याची सवय मेंदूला काही आठवड्यांत होते. ऐकू येणारे आवाज मात्र ओळखीचेच असतात. आईचा आवाज आईचाच वाटतो.

डेव्हिड लॉज यांच्या २००८ सालच्या ‘डेफ सेन्टेन्स’ या इंग्रजी कादंबरीचा नायक याच जगात राहतो. तो भाषाविज्ञानाचा निवृत्त प्राध्यापक आहे. आरंभीच एका चित्रप्रदर्शनाच्या गर्दीत समोरची तरुणी काय बोलते आहे हे न समजताच तो मान डोलवत राहतो, आणि या होकारातून पुढची गुंतागुंत जन्म घेते. तेथील विनोद आणि विषाद दोन्ही चुकीच्या ऐकण्यातून निपजतात. आवाज परिचित असल्याशिवाय चुकीचे ऐकणेही संभवत नाही, हे येथे ध्यानात घ्यावे.

कॉक्लिअर इम्प्लांट नैसर्गिक वाटच सोडून देते. कानामागचा संस्कारक ध्वनीचे कंप्रतेनुसार पट्टे पाडतो. त्वचेखाली बसवलेला भाग ते संकेत ग्रहण करतो. आणि नलिकेत सरकवलेल्या तारेवरील विद्युत् अग्रे थेट श्रवणतंत्रिकेला उत्तेजित करतात. पॅरिसमध्ये १९५७ साली झूर्नो आणि एरिएस यांनी आणि लॉस एंजेलिसमध्ये १९६१ साली विल्यम हाउस यांनी या दिशेने पहिले प्रयोग केले. मेलबर्नमध्ये ग्रेम क्लार्क यांनी १९७८ साली अनेक अग्रांचे रोपण केले. अग्रांची संख्या आजही बारा ते बावीस एवढीच असते, आणि विद्युत्प्रवाह आजूबाजूला पसरत असल्याने एकमेकांपासून खऱ्या अर्थाने स्वतंत्र अशा वाहिन्या साधारण आठच्या घरात राहतात. एवढ्या तुटपुंज्या सामग्रीवर बोलणे कळावे तरी कसे? रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले की वाक्याचे अवघे चार पट्टे पाडून त्यांतील चढउतार तेवढे राखले, तरी श्रोत्याला ते बहुतांशी समजते. उरलेले मेंदू भरून काढतो, आणि ते तो स्मरणातील भाषेतून काढतो.

म्हणूनच येथे जुळवून घेण्याची रीत निराळी आहे. शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांनी यंत्र सुरू करतात, तेव्हा पुष्कळांना फक्त शिट्ट्या, कर्कश चिवचिवाट किंवा यंत्रवत् बोलणे ऐकू येते. मंद्र स्वरांचे स्थान नलिकेच्या अगदी आतल्या टोकाशी असते आणि तार बहुधा तेथवर पोचत नाही; त्यामुळे परिचितांचे आवाज आरंभी चिरके भासतात. अमेरिकन लेखक मायकेल कोरोस्ट लहानपणापासून श्रवणयंत्रे वापरत होते. २००१ साली उरलेली श्रवणशक्तीही गेली आणि त्यांनी इम्प्लांट बसवले. ‘रीबिल्ट’ (२००५) या आत्मपर पुस्तकात त्यांनी ही वाटचाल सांगितली आहे. ‘विनी-द-पू’ या बालकथांच्या ध्वनिफिती लावायच्या, पुस्तक उघडे ठेवायचे आणि ओळींवरून बोट फिरवावे तसे ऐकत जायचे, असा त्यांचा अभ्यास होता. अर्थ आधी डोळ्यांना कळतो, आवाज त्याच्याशी जोडला जातो, आणि काही महिन्यांनी पुस्तक मिटता येते. बहुतेकांची प्रगती पहिल्या वर्षात मुख्यत्वे होते.

कोरोस्ट यांचे दुसरे ध्येय राव्हेलचे ‘बोलेरो’ पुन्हा ऐकणे हे होते. त्या रचनेतील ढोलाचा अखंड ठेका इम्प्लांटला सहज पेलतो. सुरावट पेलत नाही. लय राखणे आणि स्वरोच्चता गमावणे हा या साधनाचा स्वभावच आहे. नाट्यशास्त्राने सप्तकात बावीस श्रुती सांगितल्या आणि एका प्रचलित यंत्रात अग्रेही नेमकी बावीस असतात, या योगायोगाने कोणी हुरळून जाऊ नये. ती बावीस अग्रे पाचांहून अधिक सप्तकांवर पसरलेली असतात, म्हणजे एका सप्तकाच्या वाट्याला चारच. यावरून काही अनुमाने करता येतात. ओवीचा वा अभंगाचा यमकबंध आणि अक्षरांची ये-जा इम्प्लांटधारकाच्या कानी बऱ्यापैकी पोचावी, त्यांची चाल पोचणे कठीण. व्यंजनांत घोष-अघोष भेद आणि उच्चारणाची तऱ्हा त्या मानाने नीट कळते. उच्चारस्थान सर्वांत अवघड जाते. ‘ताक’ आणि ‘टाक’, ‘मन’ आणि ‘मण’ यांच्यासारख्या जोड्या मराठी श्रोत्याची खरी परीक्षा घेतील. पंजाबीत ‘घोडा’ या शब्दातील ‘घ’ उच्चारात ‘क’सारखा होतो आणि चाबूक या अर्थाच्या ‘कोडा’पासून त्याला वेगळे करतो तो फक्त सूर. चिनी भाषिकांच्या अभ्यासांत सूर ओळखणे इम्प्लांटधारकांना जड जाते असे वारंवार आढळले आहे. तेव्हा पंजाबी, मिझो, मणिपुरी यांसारख्या भाषांबाबत इंग्रजीवर बेतलेले निष्कर्ष तसेच्या तसे उचलणे योग्य नव्हे.

निवडीची किंमतही समान नाही. श्रवणयंत्र न रुचल्यास काढून ठेवता येते. रोपणात त्या कानातील उरलीसुरली नैसर्गिक श्रवणशक्ती पुष्कळदा नाहीशी होते, आणि यंत्र उतरवले की निखळ शांतता उरते. ज्याला श्रवणयंत्राने अद्याप ओळखीचे आवाज ऐकू येतात, त्याने ते सोडून अनोळखी पण अधिक सुबोध आवाज पत्करावेत काय, हा प्रश्न श्रवणालेख एकट्याने सोडवू शकत नाही. भारत सरकारच्या २०१४ साली सुधारलेल्या साहाय्य योजनेने रोपणासाठी अर्थसाहाय्य देताना बालकांचा विचार केला, आणि तो रास्तच होता, कारण त्यांना भाषाच प्रथम मिळवायची असते. प्रौढाजवळ भाषा असते. त्याला हवी असते ती वाचता वाचता ऐकण्याची सामग्री, आणि तीही स्वतःच्या भाषेत. इंग्रजीत ती विपुल आहे. मराठी प्रौढाला आरंभी शाळेत वाचलेला, जवळजवळ पाठ असलेला गद्य उतारा एकाच स्पष्ट आवाजात लागतो. नंतर अपरिचित मजकूर, मग दोन व्यक्तींचा संवाद, त्यानंतर पार्श्वभूमीला गलबला असलेले बोलणे, आणि सर्वांत शेवटी, जेथे ओठही दिसत नाहीत आणि पानही समोर नसते, ते दूरध्वनीवरचे संभाषण.