साचा आणि त्याची वैधता : ‘यांग’ प्रतिमानांतील एक प्रश्न

‘रामाने आंबा खाल्ला आणि सीतेने चिंच’ या वाक्याच्या उत्तरार्धात क्रियापद नाही. तरीही ते वाक्य आपण अशुद्ध मानीत नाही. कारण तेथे क्रियापदाचा अध्याहार होतो. तो करताना मात्र ‘खाल्ला’ नव्हे, ‘खाल्ली’ हे रूप घ्यावे लागते. म्हणजे लिहिलेला पाठ एक, आणि ज्याची शुद्धता तपासावयाची तो पाठ दुसरा. हाच भेद संगणक-जालातील उपकरणांच्या विन्यासासंबंधीही उपस्थित होतो.

राउटरसारख्या उपकरणाच्या विन्यासाचे नियम सांगणारी ‘यांग’ ही भाषा २०१० मध्ये प्रमाणित झाली. कोणती नोंद अनिवार्य, मूल्याची मर्यादा किती, कोणती नोंद कोणत्या अटीवर करावयाची, हे तिच्यात सांगता येते. तिच्या २०१६ च्या आवृत्तीचा दंडक असा की, ‘रनिंग’ या संग्रहातील विन्यास सदैव वैध असला पाहिजे. २०१८ च्या संग्रह-रचनेने हा दंडक कायम ठेविला. तथापि ‘रनिंग’मध्ये विस्तार व्हावयाचे साचे असण्यासही मुभा दिली. विस्तारानंतर सिद्ध होणारा पाठ तो ‘इंटेंडेड’. त्याचीही तपासणी आवश्यक ठरविली.

या दोन गोष्टींचा मेळ सहज बसत नाही. २०१८ च्याच प्रमाणित प्रतिमानात प्रत्येक इंटरफेसचा प्रकार नोंदविणे अनिवार्य आहे. शंभर इंटरफेसांचा प्रकार एका साच्यात एकदाच लिहिला आणि प्रत्येकापुढे केवळ नाव ठेविले, तर अक्षरशः पाहता ‘रनिंग’ अवैध ठरते. विस्तारानंतर तोच विन्यास निर्दोष असतो. याच्या उलटही घडते. केवळ इथरनेटला लागू असलेली नोंद साच्यात निर्दोष दिसते. पण तो साचा लूपबॅक इंटरफेसला लावताच प्रतिमानातील अट मोडते.

म्हणून तपासणीचे दोन टप्पे मानणे युक्त होय. मूल्याचा प्रकार व मर्यादा साच्यातच तपासता येतात. अनिवार्यता, परस्परसंदर्भ आणि अटी यांचा निर्णय विस्तारानंतरच करावा लागतो.

परंतु विस्तार कोणत्या नियमाने होतो? जुनिपरच्या उपकरणांत इंटरफेसवर प्रत्यक्ष लिहिलेले मूल्य ‘ग्रुप’मधून आलेल्या मूल्यावर मात करते. असा नियम प्रतिमानाबरोबर प्रसिद्ध नसेल, तर उपकरणाबाहेरील व्यवस्थापन-प्रणालीस विन्यासाची वैधता आधी ठरविता येत नाही. दोष कळतो तो उपकरणाने विन्यास नाकारल्यावर. अध्याहाराचे नियम न सांगणारे व्याकरण जसे अपुरे, तसेच विस्ताराचे नियम न सांगणारे प्रतिमानही अपुरेच म्हटले पाहिजे.