स्मृतिभ्रंशाची चाहूल लागताच घरव्यवहाराची घडी बसवावी

काळ्या जमिनीत राबणाऱ्या शेतकऱ्याला वाफशाचे महत्त्व सांगावे लागत नाही. पाऊस उघडल्यावर थोडेच दिवस रान तिफण घालण्याजोगे असते. त्याआधी चिखल आणि त्यानंतर ढेकळे. घरातील कर्त्या माणसास स्मृतिभ्रंशाचा रोग जडल्याचे कळते, तेव्हा त्या कुटुंबालाही असाच थोडा अवधी मिळतो. माणसाला आपला व्यवहार समजत आहे, तोवरच त्याच्या सहीला व अंगठ्याला कायद्यात किंमत आहे. हा अवधी वाया जाऊ देऊ नये.

पूर्णा–नांदेड लोहमार्गावरील चुडावा हे परभणी जिल्ह्यातील, पूर्णा तालुक्याचे गाव. अशा गावांतून शेतीचा निम्मा हिशेब कागदावर नसून कर्त्याच्या डोक्यात असतो. बांधाचा दगड मूळ कोठे होता, सामाईक विहिरीवर आपली पाळी कोणत्या दिवशी, बटईने दिलेल्या तुकड्याचा वाटा किती ठरला, पाडव्याला सालगड्यास किती उचल दिली, कोणाकडून उसने आणले व कोणास दिले, हे सारे तोंडी चालते. ही आठवण गळू लागली की घरचे दप्तरच हरवू लागते. एकच देणे दोनदा फेडले जाते, किंवा फेडलेल्या देण्याची पुन्हा मागणी होते.

हा रोग शहरापुरता आहे, ही समजूत चुकीची आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असावा. त्याचे प्रमाण शहरांपेक्षा खेड्यांत आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळले. तथापि प्रत्येक विसरभोळेपणा म्हणजे हा रोग नव्हे. थायरॉईडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव किंवा खिन्नता यांमुळेही विस्मरण होते व त्यावर उपाय आहेत. यास्तव प्रथम डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी आणि निदानाचा दिनांकासह लेखी कागद जपून ठेवावा.

पहिले काम : घरची यादी

निदान झाल्यावर घरातील सर्वांनी कर्त्याजवळ बसून एका वहीत यादी करावी. गट क्रमांक, सात-बारा व आठ-अ चे उतारे, सोसायटीचे व बँकेचे कर्ज, ठेवी, विमा, दागिने, उसनवारी, बटईचे करार व विहिरीची पाळी अशी सर्व नोंद व्हावी. बांधाच्या खुणा शेजाऱ्यांसमक्ष पाहून घ्याव्यात. हे काम तपासणीसारखे वाटू नये. ज्याने जन्मभर शेत सांभाळले, त्याच्याकडून ते समजून घ्यावयाचे आहे, ही भावना राहावी.

मुखत्यारपत्राबाबतचा गैरसमज

पुष्कळ कुटुंबे मुलाच्या नावे मुखत्यारपत्र करून निश्चिंत होतात. येथेच मोठी चूक घडते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे, मुखत्यारपत्र देणाराची बुद्धी शाबूत राहिली नाही की मुखत्याराचा अधिकारही संपतो. इंग्लंडसारख्या काही देशांत आकलन गेल्यावरही चालू राहणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे तशी सोय नाही. म्हणून मुखत्यारपत्र आजची धावपळ वाचविण्यापुरते उपयोगी आहे. पुढील दहा वर्षांची तरतूद त्यावर सोपवू नये.

मृत्युपत्र आणि वाटणी

मृत्युपत्र करणारा शुद्धबुद्धीचा असावा लागतो. रोगाचे निदान झाले एवढ्यावरून त्याचा अधिकार जात नाही. आपण काय करीत आहोत हे त्यास त्या वेळी समजत असले पाहिजे. त्याने सही किंवा अंगठा करावा व दोन साक्षीदारांनी साक्ष घालावी. ज्यांना मृत्युपत्रात काही मिळावयाचे आहे, त्यांस साक्षीदार करू नये. नोंदणी सक्तीची नसली तरी करून घ्यावी आणि त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडावा. पुढे तंटा झाल्यास हा दाखला फार उपयोगी पडतो.

वडिलोपार्जित जमिनीत कर्त्याला केवळ आपल्या हिश्शाचेच मृत्युपत्र करता येते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू वारसा कायद्यात मुलीस मुलाइतकाच हक्क मिळाला आहे. म्हणून मुलींना वगळून घाईने केलेली कागदपत्रे घरात तंटा पेरतात. लेकींना बोलावून सर्वांसमक्ष बोलणी करावी.

जमीन आताच मुलांच्या नावे करावी काय, हा प्रश्न हमखास निघतो. सर्व जमीन देऊन टाकू नये. पती-पत्नीच्या निर्वाहापुरता हिस्सा स्वतःच्या नावे राखावा. बक्षीसपत्र करावयाचेच असल्यास सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहावी. तशी अट असून सांभाळ झाला नाही, तर साठ वर्षांवरील व्यक्तीस २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली न्यायाधिकरणाकडून ते हस्तांतरण रद्द करून घेता येते.

बँक व औषधोपचार

बँकेच्या प्रत्येक खात्यास व ठेवीस नामनिर्देशन आहे की नाही हे पाहावे. मात्र नामनिर्देशित व्यक्ती बँकेतून पैसे स्वीकारू शकते, एवढ्याने ती मालक होत नाही. ठेवीवर वारसांचा हक्क राहतो. फोनवर येणारा परवलीचा आकडा कोणासही सांगू नये, हे घरात वारंवार बजावावे.

औषधोपचाराचे निर्णय आपल्या वतीने कोणी घ्यावेत, हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून ठरवून ठेवता येते. या कागदाने जमीनजुमल्याचा अधिकार मात्र मिळत नाही.

वेळ टळल्यास

आकलन पूर्ण गेल्यावर मार्ग बिकट होतो. १९८७ च्या कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमून घेण्याची सोय होती. २०१७ च्या कायद्यात ती राहिली नाही. आता पालक नेमून घेण्यासाठी बहुधा उच्च न्यायालयात अर्ज करावा लागतो. परभणी जिल्ह्यासाठी हे काम छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठापुढे चालते. एका एकराच्या व्यवहारासाठी शेतकऱ्याने तेथवर जाणे सोपे नाही. मुंबईचे कामगारपुढारी व माजी संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनाही अल्झायमर रोगाने ग्रासले होते. त्यांनी कोणाजवळ राहावे व त्यांना कोणी भेटावे, हा त्यांच्या आप्तांमधील वाद २०१० साली दिल्ली उच्च न्यायालयापुढे गेला. नामवंतांच्या घरीही जे सुटत नाही, ते गरिबाच्या घरी आपोआप सुटेल असे मानू नये.

कार्यकर्त्यांचे कर्तव्य

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा कुटुंबास तालुका विधी सेवा समितीचा रस्ता दाखवावा. स्त्रिया, अपंग व अल्प उत्पन्नाच्या लोकांना तेथे मोफत कायदेशीर सल्ला मिळतो. १५१०० या क्रमांकावरही विचारणा करता येते. मानसिक आरोग्याच्या सल्ल्यासाठी १४४१६ हा क्रमांक आहे. एखादा वृद्ध खातेदार गोंधळलेला दिसला व अनोळखी माणूस त्याचा अंगठा घेऊ पाहत असेल, तर घरच्यांना तत्काळ कळवावे.

कर्त्याच्या हातून तिफण सुटली तरी त्याचे शब्द घरात राहतात. ते कागदावर उतरलेले असावेत, आणि ते त्याचेच असावेत. उद्या कोणी त्याच्या नावाने बोलू लागण्यापूर्वी, आज त्यालाच विचारावे.