जुन्या रक्तातले लोह

माणसाच्या तांबड्या रक्तपेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते. तिच्यात केंद्रक नसल्याने झिजलेले भाग नव्याने बनवणे तिला जमत नाही आणि हळूहळू ती ताठर होत जाते. निरोगी प्रौढाच्या शरीरात दर सेकंदाला अशा सुमारे २० लाख पेशी मोडीत निघतात, तेवढ्याच नव्या अस्थिमज्जेत तयार होतात. त्यासाठी रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. अन्नातून शोषले जाते ते जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम. बाकीचे जवळजवळ सगळे जुन्या पेशींतूनच येते, आणि ते मिळवून देतात मॅक्रोफेज, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतल्या भक्षक पेशी.

जंतू गिळणाऱ्या पेशी एवढीच त्यांची ओळख शाळेत होते. प्राणिशास्त्रज्ञ इल्या मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना येथे तारामाशाच्या अळीला काटा टोचला, तेव्हा भक्षक पेशी काट्याभोवती गोळा झाल्या. या संशोधनाला १९०८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मात्र कोणताही संसर्ग नसताना त्या रोज जे करतात, त्याचे मोल तितकेच मोठे आहे.

प्लीहेत रक्ताला अतिशय अरुंद फटींतून जावे लागते. लवचिक पेशी निसटते, ताठरलेली अडकते. आवरणाच्या आतल्या बाजूचे फॉस्फॅटिडिलसेरिन हे मेदद्रव्य बाहेर दिसू लागणे, हीही पेशी संपत आल्याची खूण. मॅक्रोफेज अशी पेशी अख्खीच गिळतात, हे फार महत्त्वाचे. कारण ती रक्तात फुटली, तर मोकळे झालेले हिमोग्लोबिन मूत्रपिंडांना इजा करू शकते.

गिळल्यावर हिमोग्लोबिनमधल्या ग्लोबिन प्रथिनाची अमिनो आम्ले होतात व पुन्हा वापरात येतात. हीम ऑक्सिजनेज हे विकर हीम, म्हणजे हिमोग्लोबिनचा लोह धरून ठेवणारा भाग, फोडते. त्यातून लोह सुटते, थोडा कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि हिरवे बिलिव्हर्डिन उरते. त्याचेच पुढे पिवळे बिलिरुबिन होऊन ते यकृतातून पित्तात जाते. मुका मार लागल्यावर उठलेला काळानिळा डाग आधी हिरवट, मग पिवळट होतो, तो याच क्रमाने.

सुटलेले लोह फेरिटिनमध्ये साठते, किंवा फेरोपोर्टिन या प्रथिनावाटे पेशीबाहेर पडते आणि ट्रान्सफेरिन ते अस्थिमज्जेकडे नेते. यकृतात बनणारे हेप्सिडिन हे संप्रेरक फेरोपोर्टिनवर नियंत्रण ठेवते. संसर्ग झाला की हेप्सिडिन वाढते, फेरोपोर्टिनची वाट बंद होते आणि लोह मॅक्रोफेजमध्येच अडकून राहते. जंतूंनाही वाढीसाठी लोह लागत असल्याने ही अडवणूक शरीराच्या हिताची असते. पण क्षयासारखा आजार महिनोन्महिने चालला, तर अस्थिमज्जेलाही लोह कमी पडते आणि रक्तक्षय होतो. अशा रुग्णाला नुसत्या लोहाच्या गोळ्यांनी फारसा गुण येत नाही. मूळ आजारावरच उपचार करावे लागतात.